आधी तळघर, मग तिकीट: पॅरिसहून रँसचा एक दिवस

पॅरिसहून एका दिवसात रँसला, शॅम्पेन या फेसाळ वाइनच्या शहराला, जाऊन यायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ट्रेनचं तिकीट काढून मोकळे होतात. दिवसाची घडी बिघडते ती इथेच. गाड्या दिवसभर असतात. शॅम्पेन करणाऱ्या एखाद्या घराण्याच्या तळघरात उतरवणारी इंग्रजी फेरी मात्र दिवसातून मोजक्याच वेळा निघते, तिच्यात जागाही मोजक्या, आणि शनिवारच्या जागा तर कितीतरी आधी भरून जातात. म्हणून क्रम उलटा धरावा. आधी तळघराची वेळ पक्की करायची, तिच्यावरून परतीची गाडी ठरवायची आणि जाण्याची गाडी सगळ्यात शेवटी बघायची.

एका दिवसासाठी फ्रान्समधलं वाइनचं शहर निवडायचं, तर माझं मत ठामपणे रँसच्या बाजूने आहे. बोर्दो सुंदर आहे, पण पॅरिसहून तिथे जायलाच दोन तास लागतात आणि द्राक्षमळे गाठायचे तर शहराबाहेर पडावं लागतं. बोनला जाताना बहुतेक वेळा दिजाँला गाडी बदलावी लागते. रँसला मात्र थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान ट्रेन, पाऊण तासात पोचते, आणि वाइन मुरते ती शहराच्या पोटातच, रस्त्यांच्या आणि घरांच्या खाली. शिवाय ज्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांना राज्याभिषेक होत असे, ते स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

वार निवडताना तीन गोष्टी बघा. शहरातली काही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. रविवारी दुकानं बंद आणि सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना, त्यामुळे आत हिंडता येत नाही. बुलँग्रँचा झाकलेला बाजार बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. हे सगळं जुळवून बघितलं तर बुधवार किंवा शुक्रवार उत्तम. शनिवारी बाजार सगळ्यात मोठा, पण तळघरांत गर्दीही तेवढीच. जानेवारीत काही घराणी फेऱ्या बंदच ठेवतात. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर हा द्राक्षतोडणीचा काळ. इथे तोडणी हातानेच करायची असा नियम आहे, त्यामुळे मळे माणसांनी फुललेले असतात. पण रँस शहरात राहून त्यातलं फारसं काही दिसत नाही.

आता गाडी. रँसच्या गाड्या गार द लेस्त या स्टेशनवरून सुटतात. मेट्रोच्या ४, ५ आणि ७ या लाइन तिथे येतात. लंडनहून युरोस्टारने येणारे गार द्यु नोरला उतरतात, तिथून हे स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. वेगवान मार्ग जून २००७ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून रँस पॅरिसच्या इतकं जवळ आलं. टीजीव्हीत आरक्षण सक्तीचं असतं. युरोपभर चालणारा युरेलचा रेल्वे पास असला तरी जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं, आणि पासधारकांची पंचाईत होते ती नेमकी याच ठिकाणी. तिकिटाचा दर विमानासारखा चढत जातो, तेव्हा तळघर पक्कं झालं की त्याच दिवशी तिकीट काढून टाका.

तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचायला हवं. रँसला दोन स्टेशनं आहेत. शहराच्या मध्यातलं ते रँस साँत्र. दुसरं शँपान्य-आर्देन टीजीव्ही, ते शहराच्या दक्षिणेला बेझान गावाजवळ, मध्यापासून साधारण पाच किलोमीटरवर. स्ट्रासबूर किंवा लोरेनकडे जाणाऱ्या काही गाड्या या दुसऱ्या स्टेशनलाच थांबतात. तिथे उतरलात तर बी लाइनची ट्राम किंवा लोकल गाडी पकडून शहरात यावं लागतं आणि अर्धा तास सहज जातो. शार्ल द गोल विमानतळावरून थेट येणाऱ्या टीजीव्हीही याच बाहेरच्या स्टेशनवर येतात, त्यांतून येणाऱ्यांना मात्र ते सोयीचं आहे.

गार द लेस्तला गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार हे सुटण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी फलकावर लागतं. त्याआधी फलाट शोधत फिरण्यात अर्थ नाही. तो वेळ मोठ्या दालनात लावलेलं अल्बेर हर्टरचं प्रचंड चित्र बघण्यात घालवावा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये याच स्टेशनवरून आघाडीवर निघालेले सैनिक त्यात आहेत. अमेरिकन चित्रकार हर्टर यांचा मुलगा १९१८ मध्ये फ्रान्समध्ये लढताना मारला गेला, आणि १९२६ मध्ये त्यांनी हे चित्र स्टेशनला भेट दिलं. रँसला निघालेल्या माणसाने ते बघितलंच पाहिजे, कारण त्या सैनिकांच्या युद्धाने पुढे रँसचं काय केलं, ते तासाभराने डोळ्यांसमोर येणार असतं.

फलाट कळला की डब्याचा नंबर बघून चालायला लागा. दोन गाड्या एकमेकींना जोडून एकच लांबलचक गाडी सुटते असं बरेचदा होतं. दोन्ही भागांच्या मधून आतून जाता येत नाही, आणि कधी पुढे जाऊन त्यांची तोंडं वेगवेगळ्या गावांकडे वळतात. चुकीच्या भागात बसलात तर तिकीट खरं असूनही फसगत होते. दारं गाडी सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, आणि तिथे घासाघीस चालत नाही. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, पण कोणत्या गाड्या धावणार हे बहुधा आदल्या संध्याकाळपर्यंत कळतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री ॲपवर एक नजर टाकावी.

सकाळी साडेआठच्या आसपासची गाडी धरली तर सव्वानऊ-साडेनऊला रँसला उतरता, आणि कॅथेड्रलला जायची तीच योग्य वेळ आहे. याचं कारण उजेड. कॅथेड्रलचं तोंड पश्चिमेकडे आणि गाभारा पूर्वेकडे. चित्रकार मार्क शागालच्या निळ्या काचा गाभाऱ्यामागच्या मधल्या छोट्या उपासनागृहात आहेत. सकाळचं ऊन थेट त्यांच्यातून येतं, दुपारनंतर त्या विझत जातात. उलट दर्शनी भागावरचे दोन हजारांहून जास्त पुतळे सकाळी सावलीत असतात आणि दुपार कलली की उजळतात. म्हणून सकाळी थेट आत शिरायचं, बाहेरचं शिल्प संध्याकाळी परतताना बघायचं. थंडीत हे गणित बदलतं. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधारतं, तेव्हा तळघर दीडच्या सुमाराचं घ्या म्हणजे साडेतीनपर्यंत कॅथेड्रलसमोर परत येता येतं.

प्रवेश मोफत आहे. हे कॅथेड्रल १२११ मध्ये बांधायला घेतलं, आधीचं आगीत गेल्यावर. त्याच्याही कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या अखेरीस, फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याला बिशप रेमीने याच जागी बाप्तिस्मा दिला, आणि त्या आठवणीमुळे फ्रान्सचे राजे अभिषेकासाठी रँसला येऊ लागले. इथला पहिला अभिषेक ८१६ चा, शेवटचा १८२५ चा. १७ जुलै १४२९ रोजी सातव्या शार्लला इथे अभिषेक झाला तेव्हा त्याला शत्रूच्या मुलखातून इथवर आणणारी जोन ऑफ आर्क निशाण घेऊन जवळ उभी होती.

आत शिरल्यावर सगळे पुढे धावतात. चार पावलं जाऊन मागे वळा. दर्शनी भिंतीच्या आतल्या बाजूला ओळीवर ओळी कोनाडे कोरलेत आणि प्रत्येक कोनाड्यात एक मूर्ती उभी आहे. दुसऱ्या गॉथिक कॅथेड्रलांत ही भिंत बहुधा कोरी असते. खालच्या ओळीत उजव्या हाताला चिलखत घातलेला एक योद्धा पुरोहितासमोर उभा आहे. तेराव्या शतकातल्या चिलखताच्या कड्यांचं विणकाम दगडात किती बारकाईने उतरवलंय, ते अगदी जवळ उभं राहून बघण्यासारखं आहे.

१९ सप्टेंबर १९१४ ला जर्मन तोफांचे गोळे या इमारतीवर पडले. उत्तरेकडच्या मनोऱ्याला दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली होती, ती पेटली. आत जखमी जर्मन कैद्यांसाठी गवत पसरलेलं होतं, तेही पेटलं. छपराचं शिसं वितळून पावसाचं पाणी जाण्याच्या दगडी पन्हळींतून खाली वाहिलं. डावीकडच्या दारावरच्या हसऱ्या देवदूताचं डोकं तुटून खाली पडलं आणि फुटलं. ते तुकडे जपून ठेवले गेले, आधी घेतलेला साचाही होता, आणि १९२६ मध्ये देवदूत पुन्हा हसू लागला. छताचा सांगाडा वास्तुविशारद आंरी दनो याने लाकडाऐवजी सिमेंट काँक्रीटचा केला, आणि त्या खर्चात अमेरिकेच्या रॉकफेलरचा मोठा वाटा होता.

शागालच्या काचा १९७४ च्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना लाल, पिवळ्या, निळ्या धारदार तुकड्यांच्या काचा आहेत, त्या २०११ मध्ये बसवल्या. त्यांचा कलाकार इमी क्नोबेल जर्मन आहे. ज्या देशाच्या तोफांनी इथल्या जुन्या काचा फोडल्या, त्याच देशाच्या माणसाला नव्या काचा करायला बोलावलं गेलं. १९६२ च्या जुलैत फ्रान्सचे अध्यक्ष द गोल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर याच छताखाली शेजारी-शेजारी प्रार्थनेला बसले होते. रँसमध्ये मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, वाइनपेक्षाही. कॅथेड्रलच्या क्रूसासारख्या आराखड्यातल्या दक्षिणेकडच्या आडव्या भागात वाइनवाल्यांनी दिलेली खिडकी आहे, तिच्यात द्राक्षं तोडण्यापासूनची सगळी कामं रंगवलेली आहेत. तळघरात उतरण्याआधी ती बघून घ्या.

साडेअकरापर्यंत बुलँग्रँच्या बाजाराकडे वळा. १९२० च्या दशकात उभारलेली ही इमारत म्हणजे पातळ काँक्रीटची एकच उंच कमान, आत खांब नाहीत. युद्धात शहराचा बहुतेक भाग पडला आणि तो याच काळात नव्याने उभा राहिला, त्यामुळे रस्तोरस्ती त्या दशकातली नक्षी, लोखंडी कठडे, कोन काढलेल्या खिडक्या दिसतात.

जेवणाची वेळ इथे कडक असते: बारा ते दोन. दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांत चूल बंद. शाकाहारी माणसाने उपाहारगृहाच्या भरवशावर राहण्यापेक्षा बाजारातून पाव, फळं आणि चीज घ्यावं. या भागातलं लांग्र चीज मागा: नारिंगी सालीचं, माथ्यावर खळगा असलेलं, ज्यात लोक शॅम्पेन ओततात. शाऊर्स पांढरं आणि मऊ. दोन्हींत दूध गोठवायला प्राण्यांपासूनचं रेनेट असतं, काटेकोर शाकाहारी असाल तर हे माहीत असलेलं बरं. रँसची गुलाबी बिस्किटं प्रसिद्ध आहेत, त्यांत अंडं असतं, आणि गुलाबी रंग बहुधा कार्मिनचा, म्हणजे किड्यांपासून काढलेला. डब्यावर ई १२० लिहिलंय का ते बघा. पण काहीतरी पोटभर खाऊनच तळघराकडे निघा. रिकाम्या पोटी शॅम्पेनचे दोन पेलेही पुढची दुपार बिघडवायला पुरतात.

कॅथेड्रलपासून दक्षिणेला वीस मिनिटं चाललं की सँ-रेमीची बॅसिलिका लागते. अकराव्या शतकातली, लांब, अरुंद, आत कायम सांजवेळेचा उजेड. रेमीची समाधी इथे आहे, आणि छतापासून टांगलेल्या मोठ्या चक्राकार झुंबरात त्याच्या ९६ वर्षांच्या आयुष्यासाठी ९६ दिवे. पर्यटक कमी फिरकतात. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण वगळू नका. शिवाय ती तळघरांच्या वाटेवरच आहे: तेतँजे हे घराणं इथून दहा मिनिटांच्या आत, पोमेरी हे दुसरं पंधरा मिनिटांवर.

एका दिवसात एकच तळघर. दोन करू नयेत, कारण बाटलीत वाइन कशी होते हे सगळीकडे तेच सांगतात. कोणतं निवडायचं, याचं माझं उत्तर: ज्याच्याकडे जुन्या खडूच्या खाणी आहेत ते. शहराच्या या आग्नेय टेकडीत बांधकामाला दगड काढण्यासाठी शतकानुशतकं खणलेल्या खाणी आहेत, त्यांना क्रेयेर म्हणतात. तेतँजे, पोमेरी, रुइनार, व्हव क्लिको यांची तळघरं या खाणींत आहेत. स्टेशनच्या उत्तरेकडचं मम् हे घर जवळ पडतं, तळघरं मोठी आहेत, पण या खाणींचा प्रकार तिथे नाही. तिथे जायचं तर समोरचं चित्रकार फुजिताचं छोटं उपासनागृह हे निमित्त. भित्तिचित्रांनी भरलेलं, आणि उन्हाळी महिन्यांतच उघडं.

पोमेरीत ११६ पायऱ्या उतरून सुमारे तीस मीटर खाली जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्याने लक्षात ठेवावं की तेवढ्याच चढायच्याही आहेत. खाली पोचल्यावर मान वर करा. प्रत्येक खाण उपड्या नरसाळ्यासारखी: तळाशी ऐसपैस, वर जाता जाता निमुळती, आणि अगदी माथ्यावर आकाशाचा चौकोनी तुकडा. तोंड अरुंद ठेवलं म्हणजे पाऊस आणि हिमकण आत कमी येतात आणि खडू भिजून ढासळत नाही. भिंतीला हात लावला तर बोटांना पांढरी ओल लागते. जवळून बघितलं तर कुदळीचे तिरके घाव अजून स्पष्ट दिसतात. अशा शंभराहून जास्त खाणी बोगद्यांनी जोडून पोमेरीने १८ किलोमीटरची तळघरं केली. पहिल्या महायुद्धात वर गोळे पडत असताना शहरातली माणसं अशाच तळघरांत राहिली, मुलांच्या शाळाही खाली भरल्या.

बारा महिने इथलं तापमान १० ते १२ अंश असतं. जुलैत पातळ सदऱ्यावर उतरणारे दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात, म्हणून बॅगेत स्वेटर हवाच. बूट सपाट तळाचे हवेत, जमीन ओली असते. मोठी बॅग आणू नका. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण गट एकदा खाली उतरला की मागून कोणाला सोडत नाहीत.

या खडूचं काम दुहेरी आहे. तळघरात तो तापमान आणि ओल राखतो. मळ्यात तोच स्पंजासारखा पाणी धरतो, एका घनमीटरमध्ये ३०० ते ४०० लिटर, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते वेलींच्या मुळांना हळूहळू देतो. द्राक्षांच्या मुख्य जाती तीन: पिनो न्वार, मनिये आणि शार्दने. ४००० किलो द्राक्षांतून २५५० लिटरच रस काढायची परवानगी आहे, त्याहून जास्त पिळला की सालीचा कडवटपणा उतरतो. त्या रसाची आधी साधी वाइन होते. मग वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून मिश्रण जुळवतात. त्यात लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटलीबंद करतात. बाटलीतच पुन्हा आंबवण होऊन सहा बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट, दाब तयार होतो. काच इतकी जाड आणि बूच तारेने बांधलेलं असतं ते त्यामुळेच. साधी शॅम्पेन किमान १५ महिने, एकाच सालाची असेल तर तीन वर्षं खाली मुरते.

यीस्टचा गाळ बाटलीतून काढायचा कसा, हा जुना प्रश्न. तो सोडवला व्हव क्लिकोच्या तळघराने, एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. तिरक्या भोकांच्या फळ्यांत बाटल्या मान खाली करून ठेवायच्या आणि रोज थोडं थोडं फिरवायचं, म्हणजे गाळ सरकत बुचाशी येतो. मग मान गोठवून बूच उघडलं की दाबाने गोठलेला गाळ बाहेर उडतो. आज हे काम बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात, फळ्या दाखवण्यापुरत्या राहिल्यात. व्हव म्हणजे विधवा. बार्ब-निकोल क्लिको २७ व्या वर्षी, १८०५ मध्ये, विधवा झाली आणि तिने धंदा स्वतः हातात घेतला. लुइझ पोमेरीही विधवाच. त्या काळी फ्रान्समध्ये विवाहित बाईला स्वतःच्या नावाने व्यवहार करता येत नसे, विधवेला येत असे. गोड शॅम्पेनच्या जमान्यात लुइझने १८७४ च्या पिकापासून कोरडी ब्रुट बाजारात आणली.

गाळ काढल्यावर बाटली भरताना किती साखर घालतात, त्यावरून लेबलावरचा शब्द ठरतो. ब्रुट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रुट ० ते ६, आणि दमी-सेक ३२ ते ५०. ज्याला वाइनची सवय नाही त्याने पहिल्याच घोटाला ब्रुट आंबट म्हणून नाक मुरडू नये; चीजच्या तुकड्यासोबत दुसरा घोट घेऊन बघावा. न पिणाऱ्याने तळघर चुकवण्याचं कारण नाही, बुकिंग करताना तसं कळवायचं. अठरा वर्षांखालच्यांना पेला मिळत नाही.

आपल्याकडे या घराण्यांची विद्या कधी आली, याचा मागोवा नारायणगावला लागतो. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी रँसच्याच पिपर-हाइडसिक या घराण्याची तांत्रिक मदत घेऊन तिथे बाटलीत आंबवलेली फेसाळ वाइन केली आणि ती ओमर खय्याम नावाने परदेशी गेली. आज नाशिकजवळ दिंडोरीला शांदोन या फेसाळ वाइनवाल्यांचा कारखाना आहे. त्यांच्या बाटलीवर शॅम्पेन हे नाव नसतं, कारण ते नाव फक्त याच प्रदेशातल्या वाइनला लावता येतं.

बाटली घ्यायची तर ज्यांचं तळघर बघितलं त्यांच्याच दुकानातून घेण्याची गरज नाही. कॅथेड्रलच्या आसपासच्या दुकानांत छोट्या मळेवाल्यांच्या बाटल्या मिळतात. लेबलावर बारीक अक्षरांत आर आणि एम असेल तर ती स्वतः पिकवून स्वतः केलेली; एन आणि एम म्हणजे द्राक्षं विकत घेणारं घराणं. भारतात परतताना प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी हद्द ओलांडते. केबिन बॅगेत चालत नाही, कपड्यांत गुंडाळून सामानात टाका.

साडेचार-पाचला तळघरातून बाहेर पडून कॅथेड्रलकडे या. आता दर्शनी भाग उन्हात असतो, आणि डावीकडच्या दाराशी हसरा देवदूत सापडतो. स्टेशनकडे जाताना वेळ उरला आणि संग्रहालय अजून उघडं असलं, तर रुळांच्या पलीकडची ती शाळा बघा जिथे ७ मे १९४५ ला पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी जर्मनीने शरणागतीवर सही केली. नकाशांनी मढलेली खोली तशीच ठेवलीय.

द्राक्षमळे डोळ्यांनी बघायचेच असतील तर परतीला टीजीव्ही सोडून लोकल घ्या. रँस ते एपरने अर्धा तास. ही गाडी रिली-ला-माँतान्यच्या बोगद्यातून डोंगर ओलांडून आय गावाच्या उतारांवर निघते आणि दोन्ही बाजूंना मळे लागतात. एपरनेहून पॅरिसला मार्न नदीच्या काठाने सव्वा ते दीड तास. आरक्षण लागत नाही, भाडंही दिवसाप्रमाणे चढत नाही. अंधारात या मार्गाला अर्थ नाही, तेव्हा उन्हाळ्यातच करा. थेट टीजीव्हीने परतणार असाल तरी एपरनेमार्गे शेवटचं कनेक्शन किती वाजता आहे ते सकाळीच लिहून ठेवा, कारण रात्रीची शेवटची थेट गाडी चुकली तर पॅरिस गाठायला तोच रस्ता उरतो.